मेंढीमाळाचं गाठोडं

रविवारी सकाळी आठ वाजता दैवशाला कच्छवे यांच्या परभणीतल्या खाजगी तपासाच्या कचेरीत एक म्हातारी आली. खुर्ची पुढे सरकवली तरी ती उभीच राहिली.

"बसा ना, मावशी."

"बसायला येळ न्हाई, बाई. उंद्या पाच वाजेस्तोर मुदत हाय."

तिच्या हातात लोकर कातायची चाती होती. म्हातारी बोलत होती आणि चाती गरगरत होती. धागा दोनदा तुटला, दोन्ही वेळा तिने तो न बघता जोडला.

कोपऱ्यात बन्सीधर चहा बशीत ओतून पीत होता. हा दैवशालाचा मावसभाऊ. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला. आता बहिणीची जुनी जीप चालवतो आणि तिच्या प्रत्येक तपासात चुकीच्या माणसावर पैज लावतो.

"नाव काय मावशी? आणि गेलं काय?" दैवशालाने विचारलं.

"भिवराबाई देवकते. वरुडखेडची. मेंढरं हायेत आमची. आन् गेलं म्हणशील तर तीनशे बारा अंगठे गेले."

बन्सीधरची बशी ओठांपाशीच थांबली.

गोष्ट अशी होती. वरुडखेड हे गंगाखेडच्या पलीकडचं छोटं शहर. शहराच्या शिवेवर अकरा एकरांचा मेंढीमाळ. दर मंगळवारी तिथे शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो. शहराच्या विकास आराखड्यात तो माळ जनावरांच्या बाजारासाठी राखीव आहे. आता तिथे 'सर्वसुख महाबझार' नावाचं मोठं दुकान यायचं होतं. त्यासाठी माळाचं आरक्षण उठवून तो व्यापारी करायचा प्रस्ताव निघाला होता. ज्याची हरकत असेल त्याने महिन्याच्या आत नगरपालिकेत लेखी द्यावी, अशी जाहीर सूचनाही लागली होती.

"येवढं मोठं दुकान की आत गाडी घेऊन फिरत्यात म्हणं," भिवराबाई म्हणाली.

"ढकलगाडी, मावशी," बन्सीधर म्हणाला.

"कोणची का असंना. आमची मेंढरं कुठं फिरवू, ते सांग. माळ गेला तर बाजार गेला. बाजार गेला तर आमच्या जिनगानीत ऱ्हायलं काय? माझ्या सासऱ्याचा सासरा हितंच मेंढरं इकायचा."

"हरकती गोळा कुणी केल्या?"

"मीच. आमचे लोक उन्हाळ्याचे मेंढरं घेऊन गोदाकाठानं पार नांदेडाकडं गेलेत. मेंढरांचे तळ, बावीस वाडे धुंडले मी. कुठं एसटीनं, कुठं पायी. हरिओम मास्तरनं कागद लिहून दिले, मी अंगठे घेतले. शुक्रवारी रातच्याला परत आले. शनवार-आयतवार हापिस बंद. आता दोन दिस ते गाठोडं ठिवायचं कुठं?"

"घरी."

"घर कुठलं, पाल हाय. पालात ठिवलं असतं तर शेळीनं खाल्लं असतं." ती हसली नाही. "गावातल्या विठ्ठलाच्या देवळात सप्ताह बसलाय. रातंदिस वीणा उभी असती, देऊळ घडीभर मोकळं ऱ्हात न्हाई. म्हणलं, याच्याहून चांगला राखणदार कोण? काल सकाळी देवळाच्या ट्रंकेत ठिवलं, घोंगडीच्या तुकड्यात बांधून. दुपारी बारा वाजता बगितलं, होतं. चारला बगितलं, न्हाई."

"मोबाइलवर फोटो?"

"माझा बटनाचा फोन हाय, बाई."

दैवशाला उठली. "बन्सीदादा, चहा संपव."

"परत वाडे फिरून अंगठे घेता येतील की," बन्सीधर जिना उतरता उतरता म्हणाला.

"एका दिवसात बावीस वाडे? तू एसटीच्या वेळापत्रकावर अजूनही विश्वास ठेवतोस, दादा."

०

साडेदहाला ते वरुडखेडला पोचले तेव्हा ऊन अंगावर धावून येत होतं. वारा सुटला होता, पण गरम. मेंढीमाळावर धुळीची भोवरी उठायची, दोन वळसे घ्यायची आणि महाबझारच्या फलकावर आपटायची. फलकावर एक गोरीपान बाई भाजी निवडत हसत होती.

माळाला लागूनच देऊळ. आत शिरताच डोळ्यांना गारवा आला. सभामंडपात मध्यभागी एक बाई वीणा गळ्यात घालून उभी होती, तोंडाने 'रामकृष्णहरी', बोटाखाली तार. दैवशालाने आधी तिला हात जोडले, मग विठ्ठलाला. तिचे वडील चाळीस वर्षं सप्ताहात मृदंग वाजवायचे. लहानपणी कीर्तन ऐकता ऐकता त्यांच्याच मांडीवर ती झोपायची. देवळात आलं की तिचा आवाज आपोआप खाली येई.

गुरव भुजंगमामा पुढे आले. वय साठ, बोलणं तिखट.

"आमच्यावर शक घेऊ नका. मी दुपारी ओसरीवर झोपलो होतो. सप्ताहात पहाटे तीनला उठावं लागतंय."

"शक नाही मामा. माझ्या या दादाला सप्ताहाचं काही कळत नाही. त्याला जरा वीणेचा नेम सांगा."

"कळत न्हाई?" गुरवांनी बन्सीधरकडे दयेने पाहिलं. "सात दिवस वीणा भुईला टेकत न्हाई, बाप्पा. दोन-दोन तासांचा पहारा. ज्याची पाळी सरली त्याच्या कपाळी दुसरा बुक्का लावतो, पायाला हात लावतो, आन् पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. मधी कुठं ठिवायची न्हाई. ठिवली की अखंड मोडला."

"काल दुपारी पहारा कुणाचा?"

"बारा ते दोन हरिओम मास्तर. दोन ते चार भागवतशेठ किराणावाले. जेवणं झाली की उन्हानं गाव झोपतं. देवळात निसता वीणेकरी आसतो."

भिंतीवरच्या फळ्यावर खडूने पाळ्या लिहिल्या होत्या. रविवारच्या दोन ते चारसमोर भागवतशेठांचं नाव खोडलेलं होतं.

"आज शेठ नाहीत?"

"पाठ धरली म्हणे. वीस वर्षांत पयल्यांदा पहारा सोडला माणसानं."

ट्रंक सभामंडपाच्या कोपऱ्यात होती. कंबरेएवढी उंच, जुन्या पत्र्याची. बन्सीधरने एका हाताने झाकण उचललं. ते अर्ध्यावर येऊन धाडकन पडलं.

"दोन्ही हातानं उचला," गुरव म्हणाले. "आन् भिंतीला टेकवून डोक्यानं धरा. तळ खोल हाय. टाळ काढायचे तर कंबरेपसून आत वाकावं लागतंय."

बन्सीधरने तसं केलं. त्याचं अर्धं अंग ट्रंकेत गेलं. वर आला तो धापा टाकत. "झालं! कोडं सुटलं. वीणा गळ्यात असताना या पेटीत कुणाच्या बापालाही वाकता येणार नाही. दोघे वीणेकरी सुटले. राहिले कोण?" त्याने गुरवांकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"माझ्याकडं काय बगता? मी काय मार्टात भाजी घेणार हाय?"

दैवशालाचं लक्ष दुसरीकडे होतं. सभामंडपाच्या उजव्या अंगाला, उघड्या चौथऱ्यावर मारुती उभा होता. माणसाच्या छातीएवढा, एक हात वर उचललेला. शेंदूर ताजा, तेलाने चकाकत होता. मूर्ती भिंतीला चिकटलेली नव्हती. मागे हातभर काळोखी पोकळी होती.

"शेंदूर कधी लावला, मामा?"

"दर शनवारी पहाटे. काल लावला. तेलात कालवलेला आसतो, दोन-तीन दिवस वाळत न्हाई. मी सोडून कुणी हात लावत न्हाई, आन् मी बी आंघोळ करून शनवारीच. आता फुडच्या शनवारपातूर नमस्कार लांबूनच."

"ह्याला नजर लागू नये म्हणून तीट लावलीय का?" बन्सीधरने विचारलं. मारुतीच्या मानेवर, खांद्याच्या बाजूला, शेंदरात काळी पुसट रेघ उमटली होती. दोन बोटं रुंद.

गुरव जवळ जाऊन बघून चिडले. "बुक्का हाय हा. मारुतीला कुणी बुक्का लावतंय व्हय? इठ्ठलाचं इठ्ठलाला, मारुतीचं मारुतीला. लोकाला रीतभात ऱ्हायली न्हाई."

"चोरी कळल्यावर देऊळ शोधलं?"

भिवराबाई म्हणाली, "समदं धुंडलं. गादी उचलून बगितली, माळ्यावर बगितलं."

"आणि चारला तुम्ही आलात तेव्हा भागवतशेठ?"

"पहारा बदलून निघाले व्हते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हात रिकामे, बाई. मी समोरच व्हते."

०

हरिओम मास्तर देवळामागच्या खोलीतच होता. तिशीचा, शिकवणी घेणारा, सप्ताहभर इथेच मुक्काम. अंगात पांढरा सदरा. कॉलर मानेमागे बुक्क्याने काळी झालेली.

"मास्तर, फळ्याला खडू आणि कॉलरला कोळसा?" बन्सीधर म्हणाला.

"सात दिवस एकच सदरा, काका. आमच्या वडिलांचा नेम. वीणेच्या पट्ट्याचा बुक्का लागतो. तो मळ नव्हे, कमाई."

"काल पहाऱ्यालाही हाच होता?" दैवशालाने विचारलं.

"हाच."

तिने कॉलर बारकाईने पाहिली. काळी. फक्त काळी.

"मास्तर, मेंढीमाळाशेजारी तुमच्या चुलत्यांचे प्लॉट आहेत म्हणे."

त्याचा चेहरा उतरला नाही. "आहेत. एक माझ्याही नावावर आहे. महाबझार आलं तर माझं भलंच होईल. तरी तीनशे बारा कागद माझ्या हाताने लिहिले. बोटांना घट्टे पडले. चोरायचे असते तर लिहिलेच नसते, ताई."

"तुमच्या पाळीत ट्रंकेपाशी कोण आलं?"

"कुणीच नाही. सर्वसुखवाले महारुद्र येणार होते, पाण्याचे जार द्यायला. माझ्या पाळीत आले नाहीत."

बाहेर आल्यावर बन्सीधर कुजबुजला, "प्लॉटवाला. माझी पैज मास्तरवर."

"मघाशी गुरव होते."

"गुरव दुसऱ्या नंबरला."

०

महारुद्र हा महाबझारचा इथला माणूस. त्याची कचेरी म्हणजे नव्या इमारतीतला एक गाळा. आत थंड हवेचं यंत्र आणि बाहेर जनरेटर. वीज गेलेली होती, त्यामुळे तो जनरेटरच्या आवाजात ओरडून बोलत होता.

"हरकती चोरून मी काय करू, मॅडम? हरकती आल्या तर सुनावणी लागते. लागू द्या. आमचे वकील बसलेत."

"पण तीनशे बारा हरकती असल्या तर सुनावणी लांबते."

त्याने खुर्ची फिरवली. "लांबते, हे खरं. पण देवळात चोरी? माझी आई मला घरात घेणार नाही."

"काल तुम्ही देवळात गेला होता."

"पायरीपर्यंत. साधारण पावणेतीन. पाण्याचे जार उतरवले आणि निघालो. बूट काढायचा कंटाळा आला, खोटं कशाला बोलू."

"आत काय दिसलं?"

"उन्हातून आत अंधारच दिसतो. भागवतशेठचा आवाज येत होता. 'रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.' जोरात म्हणत होता, नुसत्या तोंडाने. मी म्हटलं, शेठला आज भारीच रंग चढला."

"नुसत्या तोंडाने?"

"म्हणजे टाळ नाही, तार नाही, काही नाही. मला त्यातलं कळत नाही हो. कोरडं वाटलं, एवढंच."

दैवशालाने गाळ्याभोवती नजर फिरवली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुमच्या दुकानात इथल्या पोरांना नोकऱ्या?"

"साठ जागा. यादी तयार आहे. पुण्या-मुंबईहून लेकरं परत येतील, मॅडम. हे कुणी बोलत नाही. सगळे मेंढरंच मोजतात."

बाहेर पडताना बन्सीधरने मान डोलावली. "हे मात्र खरं बोलला."

"हो," दैवशाला म्हणाली. "आज सगळे खरंच बोलताहेत. म्हणूनच अवघड जातंय."

०

भागवतशेठचं दुकान घराच्या ओसरीतच. पन्नाशीचा, बारीक मिशांचा माणूस. गळ्यात तुळशीची माळ. हे पोचले तेव्हा तो साखरेचं पोतं उचलून मागच्या खोलीत ठेवत होता. पोतं पन्नास किलोचं होतं. त्याने ते खांद्यावरून अलगद उतरवलं, आणि पाहुणे दिसताच कमरेवर हात ठेवला.

"या, या. पाणी देऊ?"

आतल्या अंगणात एक तरुण मुलगी दगडावर कपडे घासत होती. बन्सीधर पाणी प्यायला आत गेला आणि नेहमीप्रमाणे गप्पांना बसला.

"काय घासायलीस एवढं?"

"बाबांचा सदरा, काका. कॉलरला शेंदूर लागलाय. साबणानं निघना, रॉकेलनं निघना. देवाला मिठी मारून आलेत की काय, कोण जाणे."

"तू रुपाली ना? पुण्याला असतेस म्हणे?"

"मॉलमधी हाय. रात्रपाळी. सप्त्यापुरती आलेय, मंगळवारी परत. इकडंच मार्ट झालं की बाबा म्हणतेत–"

"रुपाली!" भागवतशेठ ओसरीतून ओरडला. "चहा टाक."

दैवशाला पायरीवर बसली होती. "शेठ, तुम्हीही हरकत दिलीय ना?"

"पहिला कागद माझाच हाय. किराणावाला मी. ते दुकान आलं की माझं शटर खाली. मी कामून चोरू?"

"मी तसं म्हटलं नाही. तुमच्या पाळीत कुणी ट्रंक उघडली का, एवढंच विचारते."

भागवतशेठने क्षणभर दुकानातल्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. "माझ्या पहाऱ्यात देवळात दुसरं माणूस आलं न्हाई. आन् वीणा भुईला टेकली न्हाई. माउलीची शपथ."

"वीणेचं मी विचारलंच नव्हतं, शेठ."

तो तराजूची पारडी पुसू लागला. आतून कपडा दगडावर आपटल्याचा आवाज येत राहिला.

०

चार वाजता ते देवळात परतले. पहारा बदलायची वेळ होती. दैवशाला पुढे झाली.

"पुढची घटका मला उभं राहू द्याल?"

वीणा घेऊन उभी असलेली बाई खूश झाली. दैवशालाने तिला बुक्का लावला, पायांना हात लावला, आणि पट्टा स्वतःच्या मानेवर घेतला. मग जवळजवळ तासभर ती तिथे उभी होती. तिने तार छेडली, नाम घेतलं, आणि खरोखरच डोळे मिटले. बन्सीधरला वाटलं, हिला तपासाचा विसर पडला.

पहारा दुसऱ्याकडे देऊन ती खाली आली तेव्हा तो म्हणाला, "मानेला काय फासलंस? केशरी."

तिने मानेमागून बोट फिरवलं. बोटावर बुक्क्याची काळी पूड होती आणि तिच्यात तेलकट शेंदूर.

"दादा, सगळ्यांना साडेपाचला बोलाव. हरिपाठाच्या आधी. भागवतशेठना सांग, लेकीलाही आणा. आणि भुजंगमामांना सांग, आज शनिवार नाही, तरी आंघोळ करून या."

"आंघोळ? कशाला?"

"कळेल."

"मास्तरच ना?" बन्सीधर आशेने म्हणाला.

०

साडेपाचला सगळे सतरंजीवर बसले. बाहेर वारा पत्रे वाजवत होता. आत वीणा चालू होती, अगदी हळू. महारुद्र बूट काढून आला होता आणि मोज्यांकडे बघत होता. भिवराबाईची चाती आज प्रथमच थांबली होती. भागवतशेठ खांबाला टेकून, मांडीवर हात. रुपाली त्याच्या शेजारी.

दैवशाला उभी राहिली.

"उद्या पाचपर्यंत हे कागद पोचले नाहीत तर या मावशींच्या माळाच्या बाजूने कुणी बोलायलाच उरणार नाही. म्हणून मी थेट बोलते. हे गाठोडं काढायला दोन हात लागतात आणि कंबरेतून वाकावं लागतं. माझे दादा म्हणाले, म्हणून वीणेकरी सुटले. मलाही सकाळी तसंच वाटलं. पण दुपारी बारा ते चार देवळात वीणेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मामा ओसरीवर, महारुद्र पायरीवर. कुणी आत आलं असतं तर पहारेकऱ्याने पाहिलं असतं. म्हणजे उरतं एकच. वीणेकऱ्याने वीणा गळ्यातून काढली."

"काढली तर ठिवली कुठं?" भुजंगमामा उसळले. "भुईवर?"

"नाही. जो माणूस भुईवर ठेवू शकला असता, त्याला मी पकडू शकले नसते. हा ठेवू शकला नाही. चोरी करायला तो कचरला नाही, पण वीणा जमिनीवर ठेवायला कचरला. त्याने आजूबाजूला पाहिलं. माणूस नव्हतं. उभा असलेला एकच होता."

तिने मारुतीकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मारुतीच्या मानेवर बुक्क्याची रेघ आहे, दोन बोटं रुंद. वीणेचा पट्टा दोन बोटं रुंद आहे. बुक्का पट्ट्याचा मारुतीला लागला आणि मारुतीचा शेंदूर पट्ट्याला. आतल्या बाजूने, मघाशी माझ्या मानेला लागला तो. मामा वीणा घेत नाहीत, आणि त्यांच्या हातचा शेंदूर असता तर बोटांचा ठसा उमटला असता, पट्ट्याचा नाही. वीणा मारुतीच्या गळ्यात होती."

बन्सीधरने कपाळावर हात मारला. "तीट!"

"हो दादा. तूच पहिल्यांदा पाहिलीस. आता प्रश्न दोघांचा. हरिओम मास्तरांच्या अंगावर कालचाच सदरा आहे. सकाळी मी पाहिली तेव्हा त्यांची कॉलर नुसती काळी होती, शेंदूर ठिपक्याएवढाही नव्हता. म्हणजे दोन वाजेपर्यंत पट्टा स्वच्छ होता."

रुपालीने हळूच आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्या नखांत अजून केशरी होतं.

"पावणेतीनला महारुद्रनी पायरीवरून नाम ऐकलं. नुसत्या तोंडाने, तार नाही. कारण तार त्या वेळी मारुतीपाशी होती. वीणा थांबली तरी नाम थांबू नये, म्हणून तो माणूस ट्रंकेत वाकला तेव्हाही मोठ्याने नाम घेत होता. आणि आज त्याच माणसाने वीस वर्षांत पहिल्यांदा पहारा सोडला. पाठ दुखते म्हणून. साखरेचं पोतं मात्र उचललं. पाठ नव्हती दुखत, शेठ. वीणा पुन्हा गळ्यात घ्यायची हिंमत होत नव्हती."

भागवतशेठ हलला नाही. त्याचे ओठ मात्र हलत होते, आवाज नव्हता.

"रिकाम्या हाताने तुम्ही गेलात. म्हणजे गाठोडं देवळातच. सगळं शोधून झालं, फक्त एक जागा राहिली. तिथे मामांशिवाय कुणी हात घालत नाही, आणि मामा शनिवारशिवाय घालत नाहीत. शनिवार उजाडेपर्यंत मुदत संपून जाणार होती. भुजंगमामा, मारुतीच्या पाठीमागे बघा."

ओल्या धोतराने गुरव चौथऱ्यावर चढले. पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर आला तो घोंगडीचा काळा तुकडा घेऊन, गाठ तशीच.

भिवराबाई धावली नाही. ती जागेवरूनच म्हणाली, "मोजा."

हरिओमने मोजले. तीनशे बारा. सगळ्यात वरचा कागद भागवतशेठचा.

"फाडले का नाहीत, शेठ?" दैवशालाने विचारलं.

तो गाठोड्याकडे बघत बोलला. "फाडणार नव्हतो. मंगळवारी परत ट्रंकेत ठिवणार व्हतो. मुदत गेली असती, कागद ऱ्हायले असते." तो थांबला. "लेकरू रातच्या दोनला एकटं खोलीवर जातंय पुण्यात. फोन लागला न्हाई की मी दुकानाच्या पायरीवर बसून ऱ्हातो. मार्ट झालं तर नाव यादीत घालतो म्हणले हे. घरी येईल म्हणून... माझं दुकान जाईना का."

महारुद्र गडबडला. "मी यादीचं म्हणालो होतो! चोरीचं नाही!"

"तुम्ही नाही म्हणालात," दैवशाला म्हणाली. "म्हणून तुमच्याकडे मी बोट दाखवलं नाही."

रुपाली उठून उभी राहिली होती. "बाबा, मला एकदा इचारलं असतं. भिवरामावशीच्या माळावर मी उभी ऱ्हाऊन बिलं फाडली असती व्हय? लहानपणी मी तिच्याच करडांसंगं खेळले."

भुजंगमामांचा आवाज चढला. "ते राहू द्या! अखंड मोडला की! सहा दिवसांचा सप्ताह पाण्यात! वीणा माणसाच्या गळ्यात नव्हती!"

सगळे वीणेकडे बघू लागले. वीणा धरलेल्या पोक्त माणसाची बोटंही तारेवर थबकल्यासारखी झाली. भागवतशेठने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

भिवराबाईने गाठोडं पोटाशी धरलं आणि मारुतीकडे बघत म्हणाली, "मोडला कसा? मारुतीरायानं पहारा दिला की घडीभर. त्याच्याहून चांगला वीणेकरी कुठून आणताव, मामा?"

गुरवांनी ओलं धोतर सावरलं. मग चौथऱ्यावर चढून मारुतीच्या मानेवरची काळी रेघ पुसायला हात नेला, आणि न पुसताच मागे घेतला.

"पोलिसात देऊ का, मावशी?" दैवशालाने विचारलं. "कागद तुमचे. तुम्ही सांगाल तसं."

भिवराबाई भागवतशेठसमोर जाऊन उभी राहिली. "बावीस वाडे चालले मी. तू एक दिस चाल. उंद्या माझ्यासंगं हापिसात यायचं. गाठोडं तुझ्या डोक्यावर. चौकातून."

०

सोमवारी सकाळी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, आणि मग वरुडखेडच्या बाजारपेठेतून एक विचित्र मिरवणूक निघाली. पुढे भिवराबाई, चाती फिरवत. मागे डोक्यावर काळं गाठोडं घेतलेला भागवतशेठ, अनवाणी. त्याच्या बाजूने रुपाली. ओट्यांवर लोक उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "शेठ, डोक्यावर काय?" तो म्हणाला, "मी चोरलेलं." पुढे कुणी विचारलं नाही.

बन्सीधर जीप हळूहळू मागून चालवत होता. "मास्तर नव्हता तर," तो म्हणाला.

"नव्हता."

"पण तुला कधी कळलं गं? खरं सांग."

"शेठने वीणेची शपथ घेतली तेव्हा. खोटं बोलणारा माणूस विचारलेल्या गोष्टीची शपथ घेतो. याला खोटं बोलवेना, म्हणून जेवढं खरं उरलं होतं तेवढ्याचीच शपथ घेतली."

आवक खिडकीवरचा कारकून गाठोडं बघून घाबरला. मग त्याने शिक्का शाईत बुडवला. हरिओम कागद देत होता, रुपाली क्रमांक टाकत होती, भिवराबाई प्रत्येक अंगठा ओळखून नाव सांगत होती. "हा तुळशीरामाचा. ह्याला तापात घेतला. ही कडूबाई, हिचा अंगठा लय बारीक."

साडेतीनला शेवटचा शिक्का बसला. कारकुनाने पहिला कागद पुन्हा वर काढला.

"एक नंबरची हरकत. किराणा दुकानदार. हे स्वतः आलेत का? सुनावणीत बोलणार का? तसं लिहावं लागतं."

भागवतशेठ रांगेच्या शेवटी, भिंतीशी उभा होता. त्याने रुपालीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

तो खिडकीपाशी आला. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर धुऊनही न गेलेला केशरी डाग होता.

"हजर हाय," तो म्हणाला. "लिहा, बोलणार हाय."